आधी चित्र, मग होडी: होकुलेआ प्रकल्पाच्या नोंदी

४ फेब्रुवारी

ठरलं एकदाचं. वाचनालयाच्या मे मधल्या प्रदर्शनात (विषय समुद्र आणि आकाश) माझ्या वाट्याला पॅसिफिक आलाय, आठ पॅनल आणि एक मॉडेल, बजेट नेहमीचंच म्हणजे चहापाण्याला पुरेल इतकं. बाकीच्यांनी कोलंबस, मॅगेलन वगैरे मोठी गिऱ्हाईकं आधीच उचलली होती, मी हर्ब काने मागून घेतला. मीटिंगमधल्या एका काकूंनी लगेच विचारलं, काणे म्हणजे कुठले, गुहागरचे का. नाही हो काकू, हवाईचे.

पूर्ण नाव हर्ब कावाइनुई काने, होकुलेआ या जोडहोडीचा (दोन होड्या जोडून केलेल्या होडीचा) आराखडा काढणारा चित्रकार. जन्म १९२८. वडील हवाईयन-चिनी रक्ताचे, आई डॅनिश वंशाची, बालपण थोडं हवाई बेटावरच्या वाइपिओ दरीत नि हिलोमध्ये आणि थोडं विस्कॉन्सिनच्या बर्फात. पुढे शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये शिकला आणि तिथेच जाहिरातींसाठी चित्रं काढायला लागला. म्हणजे आपल्यासारखाच, क्लायंट सांगेल ते काढणारा माणूस. डबाबंद मटाराच्या जाहिरातीतला तो हिरवा राक्षस असतो ना, ते कामसुद्धा त्याने केलंय. मला हे वाचल्यावर तो जास्तच जवळचा वाटला.

१० फेब्रुवारी

आठवडाभर नुसतं बघणं चाललंय. कानेने शिकागोत बसून पॉलिनेशियन (म्हणजे हवाई, ताहिती वगैरे पॅसिफिक बेटांवरच्या लोकांच्या) होड्यांचा अभ्यास सुरू केला तेव्हा हवाईत समुद्र ओलांडणारी तशी जुनी होडी एकही शिल्लक नव्हती, काही शतकं नव्हती. मग सामान काय होतं त्याच्याकडे? म्युझियममधले तुकडे, खडकांवर कोरलेल्या आकृत्या, दंतकथा आणि युरोपियन जहाजांवरच्या चित्रकारांनी काढून ठेवलेली रेखाटनं. ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीवर जॉन वेबर नावाचा चित्रकार होता, त्याचं एक चित्र आहे जोडहोडीचं, वल्हेकऱ्यांनी भोपळ्याचे मुखवटे घातलेत, मागे ते खेकड्याच्या नांगीसारखं शीड. मी ते झूम करून करून बघितलं. वेबरने माणसं छान काढलीत पण दोऱ्या कुठून कुठे जातात ते बऱ्याच ठिकाणी नीट कळत नाही, त्याला तरी काय गरज होती म्हणा, तो काही होडी बांधणार नव्हता.

कानेच्या चित्रात मात्र दोरी कुठूनतरी निघते आणि कुठेतरी जाऊन बांधली जाते. हे मला आज दुपारी लक्षात आलं आणि मग तेच बघत बसले. डोलकाठी का कलली, शीड कोणत्या दोरीने ओढून धरलंय, वारा कुठून येतोय, त्या वाऱ्याला लाट बरोबर आहे का. तो स्वतः मिशिगन लेकवर कॅटमरान चालवायचा, ते दिसतं. ज्याने हातात दोरी धरलेली नाही त्याला असं काढता येत नाही, कितीही रेफरन्स गोळा करा.

१९६९ मध्ये हवाई राज्याच्या कला-संस्कृती फाउंडेशनने त्याची होड्यांची चौदा चित्रं विकत घेतली आणि मग तो हवाईला परतला.

तक्रार पण लिहून ठेवते. त्याची माणसं फार देखणी असतात. सगळेच्या सगळे दंड-छातीवाले, कोणाला ढेरी नाही, कोणाला उन्हाने सोललेलं नाक नाही, आणि आकाश बहुतेक वेळा कॅलेंडरवर शोभेल असं. जाहिरातीतून आलेला हात आहे तो, लपत नाही. पण त्याच हाताने लोकांच्या मनात होडी भरवली हे पण खरंच.

पॅनलसाठी त्याची चित्रं कॉपी करायची नाहीत, हे नक्की. कॉपीराइटचा प्रश्न आहेच आणि तसंही मला त्याच्या पद्धतीने काम करायचंय, त्याचं चित्र परत काढायचं नाहीये.

१७ फेब्रुवारी

पॅनल दोनचा मजकूर. १९७३ मध्ये काने, मानववंशशास्त्रज्ञ बेन फिनी आणि समुद्रात वाढलेला टॉमी होम्स या तिघांनी पॉलिनेशियन व्हॉयेजिंग सोसायटी काढली. कारण समजावून सांगायला कॉन-टिकी आणावीच लागेल. १९४७ मध्ये थॉर हेयरडालने पेरूहून कॉन-टिकी नावाच्या बाल्साच्या तराफ्यावरून १०१ दिवसांत पॅसिफिकमधलं रारोइया बेट गाठलं आणि सांगितलं की पॉलिनेशियात माणसं दक्षिण अमेरिकेकडून प्रवाहाबरोबर आली. दुसरे काही विद्वान म्हणत होते की आले असतील पश्चिमेकडूनच, पण वाट चुकून, वाहत वाहत. दोन्हीचा अर्थ एकच, की या लोकांना ठरवून जाता नि परत येता येत नव्हतं. वाऱ्याविरुद्ध, प्रवाह कापत, हजारो बेटं वाहत वाहत कशी काय सापडतील हे कोणी विचारायचं? तर या तिघांनी ठरवलं की भांडत बसण्यापेक्षा होडी बांधू, हवाईहून ताहिती बेटाला नेऊ, होकायंत्र न वापरता.

होडीचा आराखडा कानेचा. लांबी ६२ फूट, दोन गाभे (म्हणजे पाण्यावर तरंगणारी होडीची दोन अंगं), वर डेक, दोन डोलकाठ्या. आता एक गोष्ट लोक नक्की विचारणार म्हणून आधीच लिहून ठेवते, ही होडी प्लायवूड, फायबरग्लास आणि रेझिनची आहे. अख्खा ओंडका कोरून करायला वेळ, पैसा आणि तेवढी झाडं, तिन्ही नव्हतं. त्यांचा हिशोब असा की आकार, वजन, शिडाची पद्धत जुन्यासारखी असेल तर ती जुन्यासारखीच चालेल, आणि तपासायचं होतं ते चालणं. मला हा युक्तिवाद पटतो. ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी पुढची गोष्ट: १९९० च्या सुमारास त्यांनी हवाइलोआ नावाची लाकडी जोडहोडी करायला घेतली तर हवाईच्या जंगलात कोआचं एवढं मोठं धड झाडच सापडेना, शेवटी अलास्काच्या आदिवासींच्या कंपनीने स्प्रूसचे दोन ओंडके भेट दिले. म्हणजे होडीच्या निमित्ताने जंगल किती संपलंय ते कळलं. यावर वेगळं पॅनल हवं खरं तर, पण आठचेच पैसे आहेत.

मॉडेल १:२५. म्हणजे साधारण ७५ सेंटीमीटर.

२४ फेब्रुवारी

सुतारकाकांनी गाभे करून दिले, शिवणीच्या लाकडाचे, काय हात आहे माणसाचा. "ताई, हे दोन्ही सारखे पाहिजेत का आरशातले पाहिजेत?" असा प्रश्न त्यांनी फोनवर विचारला तेव्हाच मला कळलं की काम योग्य माणसाकडे गेलंय. सुकाणू कुठे लावायचं म्हणाले. नाही ना, सुकाणू नाहीये, मागे मधोमध एक भलंमोठं वल्हं असतं, लाट मोठी असली की दोन-तीन माणसं त्याला लटकतात. त्यांना ते काही फारसं आवडलं नाही.

१ मार्च

मालवणहून मामा आलाय, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी, तोपर्यंत माझ्या टेबलाशी बसून असतो. मॉडेल बघून पहिलं वाक्य, "दोन होडये कित्याक गो बांधल्यानी? एक उलांडी पुरी नाय झाली?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. आपल्याकडे मालवणच्या होडीला बाजूला उलांडी असते ती याच घराण्यातली कल्पना, होडी अरुंद ठेवायची आणि तोल बाजूच्या लाकडाने सांभाळायचा. हवाईतही किनाऱ्यावरच्या मासेमारीला एक उलांडीवालीच होडी असते. पण महिनाभर जायचं, माणसं, पाणी, रताळी, केळीचे नि फणसासारख्या त्या ब्रेडफ्रूटचे मुनवे, डुकरं, कुत्री, कोंबड्या सगळं घेऊन, तर ते ठेवणार कुठे? दोन गाभ्यांच्या मधे फळ्या टाकल्या की अंगण मिळतं. मामाला हे पटलं, पण लगेच पुढचं, की मग दोन गाभे वेगवेगळ्या लाटेवर चढले तर मधलं लाकूड मोडेल ना. त्याचं उत्तर मी मॉडेलवरच दाखवते म्हटलं, थांब.

८ मार्च

तारीख बघून आज मुद्दाम पॅनल तीन संपवलं. ८ मार्च १९७५ ला ओआहू बेटावर कुआलोआच्या किनाऱ्यावर होडी पाण्यात उतरली. नाव होकुलेआ, म्हणजे आपली स्वाती. काने सांगायचा की रात्री स्वप्नात तो तारा मोठा मोठा होत गेला आणि जाग आल्यावर त्याला नाव मिळालं. स्वप्न असो नसो, निवड चोख आहे, कारण स्वाती हवाईच्या डोक्यावरून जाते, त्याबद्दल वांगणीला (मुंबईच्या बाहेर, तारे बघायला) जाऊन आल्यावर लिहीन.

आणि काने वारला तोही ८ मार्चलाच, २०११ साली. कथेत असं लिहिलं असतं तर संपादकाने कापलं असतं.

पहिल्या उन्हाळ्यात तो स्वतः होडी घेऊन बेटाबेटांवर फिरला. फिनीचं मत होतं की हा प्रयोग आहे, होडी जपून ठेवा, ताहितीच्या आधी उगाच झीज नको. कानेचं म्हणणं की ज्यांची होडी आहे त्यांनी हात लावला नाही तर प्रयोग करून करायचंय काय. दोघांचंही बरोबर, आणि म्हणूनच भांडण मिटणारं नव्हतं. १९७६ च्या प्रत्यक्ष ताहिती प्रवासातही खलाशांमध्ये चांगलीच जुंपली होती. प्रदर्शनात हे लिहायचं का यावर कमिटीत चर्चा झाली, मी म्हटलं लिहायचंच, नाहीतर सगळे पॅनल सत्कार समारंभाच्या भाषणासारखे वाटतील.

१७ मार्च

पॅनल पाच, जे मला करायचंच नव्हतं. १९७८ चा मार्च, होकुलेआ दुसऱ्यांदा ताहितीला निघाली, वारा जोराचा, सामान भरपूर, मोलोकाई बेटाजवळच्या सामुद्रधुनीत एका गाभ्यात पाणी भरलं आणि मध्यरात्री होडी उलटली. खलाशी रात्रभर उलट्या गाभ्याला धरून. सकाळी एडी आइकाऊ, नावाजलेला सर्फर आणि लाइफगार्ड, आपला बोर्ड घेऊन लानाई बेटाकडे मदत आणायला निघाला. बाकीचे वाचले, एडी सापडला नाही. त्यानंतर होकुलेआ लांबच्या प्रवासाला सोबतीच्या बोटीशिवाय निघत नाही आणि प्रशिक्षण सगळं बदललं.

चित्रात मी फक्त उलटी होडी आणि पाणी ठेवलंय. एडीचा चेहरा काढला नाही. भाची म्हणाली रिकामं वाटतं. वाटू दे.

२२ मार्च

काल रात्री वांगणी. अमावस्या नुकतीच झालेली, चंद्रकोर लवकर मावळली, आकाश ठीकठाक, मुंबईच्या बाजूला तो नेहमीचा पिवळा उजेड.

मला दोन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या होत्या. पहिली, स्वाती आणि चित्रा एकत्र उगवतात का. होकुलेआच्या जोडीला २०१२ पासून हिकिआनालिआ नावाची होडी आहे आणि ते हवाईयन नाव चित्रेचं, कारण हवाईच्या अक्षांशावर हे दोन तारे जवळजवळ एकदमच वर येतात. आपला अक्षांश तोच, १९ च्या आसपास, म्हणजे इथेही तसंच दिसायला हवं. दिसलं! नऊच्या सुमारास धुरकटपणातून दोघी वर आल्या, स्वाती डावीकडे ईशान्येला, तांबूस, चित्रा उजवीकडे, निळसर पांढरी. आपण पंचांगात चित्रा मग स्वाती असं ओळीने पाठ करतो आणि एकत्र उगवताना कधी बघतच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे माथ्यावरचा तारा. त्यासाठी पहाटे तीनपर्यंत जागायला लागलं. चटईवर उताणी पडून बघितलं तर स्वाती अगदी टाळूवर. ताऱ्याचं खगोलीय अक्षांश म्हणावं तर १९ अंशांच्या जरासं वर आणि वांगणीचं पण तेवढंच. हाच सगळा हिशोब आहे: ताहितीहून परतताना स्वाती रोज रात्री थोडी थोडी वर चढत जाते, ज्या रात्री ती बरोब्बर डोक्यावरून जाईल तेव्हा तुम्ही हवाईच्या अक्षांशावर पोचलात, आता फक्त पूर्वेला आहात की पश्चिमेला एवढं ठाऊक हवं. म्हणून ते मुद्दाम एका बाजूला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला राहून येतात, म्हणजे कुठे वळायचं यात शंका राहत नाही. ताहितीसाठी हेच काम व्याध करतो.

ध्रुव पण मोजला, हात लांब करून मुठीने. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश, ध्रुव दोन मुठींच्या किंचित खाली. दक्षिणेला जाता जाता तो खाली खाली येतो आणि विषुववृत्तावर गायब होतो. ग्रुपमधल्या मुलांनी सगळ्यांनी मुठी लावून बघितल्या, कोणाचा ध्रुव पंधरावर, कोणाचा पंचवीसवर. प्रदर्शनात हे करून घ्यायचं, भिंतीवर खूण करून.

५ एप्रिल

बांधणी. मामाच्या प्रश्नाचं उत्तर.

खऱ्या होडीत दोन गाभ्यांना जोडणारे आडवे वासे दोरीने बांधलेले आहेत, खिळे-बोल्टांनी नाही. मॉडेलमध्ये फेविक्विक लावून वरून नुसता दोरा गुंडाळला असता तर कोणाच्या बापाला कळलं नसतं, पण मला ते बघायचंच होतं. म्हणून टाकाऊ तुकड्यांवर एक जोड चिकटवला आणि एक चांभाराकडच्या मेणाच्या दोऱ्याने बांधला. दोन्ही हातांत धरून पिळले. चिकटवलेला टक् करून सुटला. बांधलेला करकरला, वळला, सोडला की परत जागेवर. मामाने स्वतः चारदा पिळून बघितला आणि म्हणाला, "हां, आता समाजला." लाटेवर दोन गाभे वेगळे हलले तरी दोरी ते सहन करते, आणि झिजली तर तेवढीच सोडून नवीन बांधता येते. होकुलेआ दुरुस्तीला बाहेर काढतात तेव्हा या बांधण्या सोडून नव्याने करतात, तेव्हा नव्या पोरांचं शिक्षणही होतं.

बांधायची रीत अशी, की आधी वाशावरून गाभ्याच्या कडेखालून फेरे घ्यायचे, प्रत्येक फेरा आधीच्याला चिकटून, मग त्या सगळ्या फेऱ्यांना मधून आडवा दोरा घालून आवळायचं. आवळताना पहिले फेरे मुके होतात, शेवटचे ताणले की एकदम तारेसारखा आवाज येतो, टुंग. तो आला की थांबायचं. तर्जनीला दोन ठिकाणी चिरा पडल्यात, मेण गेल्याने झोंबतंय.

शीड तांबडट रंगवलं, जुन्या सुती साडीच्या तुकड्यावर.

१४ एप्रिल

पॅनल चार, माऊ पियाइलुग. हे सगळ्यात आवडतं, म्हणून सगळ्यात उशिरा.

होडी झाली, पण ती न्यायची कोणी? हवाईत ताऱ्यांवरून लांबची वाट काढणारा कोणी उरला नव्हता. मायक्रोनेशियातल्या सातावाल नावाच्या इवल्याशा बेटावरून माऊला बोलावलं. तिथे मुलांना शिकवायची पद्धत म्हणजे जमिनीवर दगडांचं गोल रिंगण, प्रत्येक दगड म्हणजे एक तारा कुठे उगवतो कुठे मावळतो, आणि मधोमध होडी. पॅनलच्या खाली मी हेच रिंगण काढलंय, मुलांना उभं राहता येईल एवढं मोठं.

१ मे १९७६ ला माउई बेटावरच्या होनोलुआहून निघाले, साधारण ४,००० किलोमीटर, होडीवर होकायंत्र नाही, नकाशा नाही, घड्याळसुद्धा नाही. ढग असले तर लाटा. एकाच वेळी दोन-तीन दिशांनी येणाऱ्या लाटा वेगळ्या ओळखायच्या, रात्री आडवं पडून गाभ्याच्या हलण्यावरून. जमीन जवळ आल्यावर पक्षी. पांढरी सुरय सकाळी मासे धरायला समुद्रावर जाते, संध्याकाळी बेटावर परतते, तेव्हा संध्याकाळी ती जिकडे निघाली तिकडे जमीन. आधी मातैवा बेट लागलं आणि ४ जूनला ताहितीचं बंदर पापीटे. बंदरावर सतरा हजारांहून जास्त लोक. इतकी गर्दी गाभ्यावर चढली की मागची बाजू पाण्यात गेली म्हणतात.

माऊ तिथूनच घरी निघून गेला, खलाशांच्या भांडणांना कंटाळून. परतीचा प्रवास होकायंत्र लावून झाला. त्या परतीच्या होडीवर नाइनोआ थॉम्प्सन नावाचा तरुण होता, त्याने पुढे बिशप म्युझियमच्या तारांगणात बसून आकाश पाठ केलं, मग माऊ परत आला, शिकवलं, आणि १९८० मध्ये नाइनोआ ताहितीला गेला नि आला, दोन्ही वेळा यंत्रांशिवाय.

आपल्या गुरूपरंपरेत वाढलेल्या लोकांना हे सहज समजेल, पण एक गोष्ट मोठीच आहे. ही विद्या सातावालमध्ये घराण्यातली, बाहेरच्याला द्यायची नाही. स्वतःच्या बेटावरची पोरं शिकत नाहीत बघून माऊने ती हवाईला दिली, त्यासाठी गावात बोलणीही खाल्ली. २०१० मध्ये तो गेला. त्याचं चित्र म्हातारा, दाढीवाला, वल्ह्यापाशी बसलेला असं केलंय. ढेरीसकट.

२२ एप्रिल

कमिटीतून फोन, "याचा आपल्याशी काय संबंध असं लोक विचारतील, एखादं पॅनल घाला." मला आधी राग आला. होकुलेआ पृथ्वीप्रदक्षिणेत हिंदी महासागरातून गेली ती २०१५ मध्ये, बाली, मॉरिशस, मग दक्षिण आफ्रिका. आपल्याकडे आली नाही, त्यामुळे ओढूनताणून काही जोडायला मी तयार नव्हते.

पण मग कौंडिण्य जहाज आठवलं. अजिंठ्याच्या भिंतीवर पाचव्या शतकातलं एक जहाज रंगवलेलं आहे, त्या चित्रावरून गोव्यात काथ्याने फळ्या शिवून जहाज बांधलं आणि मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. आराखडा नव्हता, अवशेष नव्हते, फक्त चित्र. आणि चित्र काढणाऱ्या त्या माणसाने दोऱ्या, शिडं, वल्ही कितपत खरी काढली होती यावर केरळचे कारागीर आणि इंजिनियर डोकं लढवत बसले. कानेला वेबर, यांना अजिंठा. म्हणजे आठवं पॅनल मिळालं आणि ते ओढूनताणून नाही. अजिंठ्याच्या चित्रकाराला एक दोरी जरा स्पष्ट काढायला काय झालं होतं असं मात्र त्या इंजिनियरांना नक्की वाटलं असेल.

३ मे

आठही पॅनल छापून आले. निळा थोडा जांभळट आलाय, चालेल. मॉडेलवर काच लावायची नाही असं ठरवलं, फक्त पाटी: बांधणी हात लावून बघा, शीड ओढू नका. पिळून बघायचे सुटे जोड टेबलावर वेगळे, मेणाचा दोरा जादा आणून ठेवलाय कारण ते तुटणारच.

क्रम बदलला. सुरुवातीला होडी ठेवली होती, आता पहिल्या पॅनलवर शिकागोतलं ड्रॉइंग टेबल आहे, त्यावर अर्धवट होडी आणि बाजूला मटाराचा डबा. कमिटीतल्या काकूंना डबा का ते कळेना, समजावून सांगितलं, हसल्या. मामाचं ऑपरेशन नीट झालं, हिरवी पट्टी लावून काल हॉलवर येऊन गेला आणि म्हणाला उलांडीचं पण एक मॉडेल ठेव बाजूला, मी पाठवतो लाकूड. सुतारकाकांना विचारलंय, वेळ आहे म्हणाले.